सेनाधिपति लोकनायक होऊं शकेल काय?

परदेशच्या एका पदच्युत राजाचें नांव ज्याच्या रोजच्या बोलण्यांत मुरून गेलें आहे, असें रत्नागिरीवांचून दुसरें गांव महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. थिबा राजा आणि थिबा राजवाडा हे शब्द तेथील लहान मुलाला शिकवावे लागत नाहींत. या राजाच्या कथेवर अलीकडच्या काळांत इंग्रजी भाषेंत दोन लक्षणीय ग्रंथ निर्माण झाले. पहिला, श्री. अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही २००० सालची कादंबरी. दुसरा, श्रीमती सुधा शाह यांचा 'द किंग इन एक्झाइल' हा २०१२ सालचा चरित्रग्रंथ. या ग्रंथांचा सांगोपांग परिचय करून देण्याचा आमचा आजचा हेतु नाहीं. त्यांच्या वाचनानें जो एक प्रश्न मनांत उभा राहतो, आणि ज्याच्या दारापर्यंत वाचकाला नेऊन दोन्ही ग्रंथ थांबतात, त्याचाच विचार येथें करावयाचा आहे. तो प्रश्न असा: ज्यानें एकदां तरवारीच्या बळावर राज्य केलें, तो पुढें लोकांच्या मतांनीं मिळणाऱ्या अधिकारास पात्र ठरूं शकतो काय?

कथाभाग बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजी फौज इरावती नदीनें मंडालेपर्यंत चढून गेली, राजानें शरणागति पत्करली, आणि १८८६ च्या एप्रिलांत राजा, राणी सुपयालत व त्यांचें कुटुंब यांस रत्नागिरीस आणून ठेवण्यांत आलें. टेकडीवरचा तो प्रशस्त राजवाडा बांधून होऊन राजा तेथें राहावयास गेला तो १९१० सालीं. आणि १९१६ च्या डिसेंबरांत रत्नागिरींतच त्याचा अंत झाला. रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत याच राजाच्या मंडालेंत बंदिवासांत होते, हा योगायोग मराठी मनाला नेहमींच चटका लावीत आला आहे.

श्री. घोष यांनीं मंडालेंत तोफांचा गडगडाट ऐकणाऱ्या राजकुमार नांवाच्या एका अनाथ हिंदी मुलापासून कथेला आरंभ करून ती पुढच्या पिढ्यांपर्यंत नेली आहे, आणि रत्नागिरींतील राजकुटुंबाचा कोंडलेला संसार डॉली या दासीच्या सहवासांतून वाचकापुढें उभा केला आहे. श्रीमती शाह यांची वाट निराळी. राजानें सरकाराकडे केलेले अर्ज, तनख्याच्या तक्रारी, वाढत गेलेलें कर्ज, एकामागून एक विकावीं लागलेलीं रत्नें, राजकन्यांच्या लग्नांचा न सुटणारा प्रश्न, हें सारें त्यांनीं कागदपत्रांच्या आधारें मांडलें आहे. कादंबरींतील राजा दुरून, समुद्राकडे दुर्बीण लावून बसलेला असा दिसतो. चरित्रांतील राजा जवळून, हिशेबाच्या वहीसह दिसतो. दोन्ही चित्रें मनांत राहतात; आणि कलेच्या दृष्टीनें पहिलें सरस असलें, तरी आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें दुसरें अधिक उपयोगी आहे असें आम्हांस वाटतें.

याचें कारण असें. याच थिबाच्या कारकीर्दीच्या आरंभीं, १८७९ सालीं, गादीला पुढेंमागें वारस निघतील या भीतीनें राजकुलांतील कित्येक स्त्रीपुरुषांची मंडालेंत कत्तल झाली. ती प्रत्यक्ष कोणाच्या हुकुमानें झाली याविषयीं मतभेद आहेत. परंतु ती राजाच्या नांवानें झाली व तिचा लाभ राजाला मिळाला, याविषयीं नाहीं. कादंबरी ही गोष्ट लपवीत नाहीं. पण रत्नागिरीच्या पावसांत भिजणारा, मान गेलेला, मुलींच्या काळजीनें वांकलेला तो गृहस्थ आपणांस इतका आपलासा वाटूं लागतो, कीं त्या मेलेल्यांची आठवण मागें पडते. ज्याचें सर्वस्व गेलें त्याच्या बाजूला वाचकाचें मन सहज झुकतें. काव्यकथांनीं तें तसें झुकवावें यांत गैर कांहीं नाहीं. थिबाच्या बाबतींत ही दया निरुपद्रवीहि होती. कारण तो पुन्हां गादीवर बसणार नव्हता. परंतु जेव्हां एखादा माजी लष्करशहा गणवेष उतरवून, साध्या वेषांत, घरांतल्या वडील माणसासारखा मतदारांपुढें येऊन उभा राहतो, तेव्हां हीच दया राज्यकारभाराचा प्रश्न होऊन बसते.

हा प्रश्न रत्नागिरीस केवळ पुस्तकी नाहीं. २०१२ च्या डिसेंबरांत ब्रह्मदेशाचे, म्हणजे आतां ज्याला म्यानमार म्हणतात त्या देशाचे, राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनीं रत्नागिरीस येऊन थिबाच्या समाधीचें दर्शन घेतलें. थेन सेन हे पूर्वाश्रमीचे सेनानी. लष्करी मंडळाच्या राजवटींत २००७ पासून पंतप्रधान. २०१० सालीं गणवेष उतरवून ते लष्कराच्या पाठिंब्यानें उभ्या राहिलेल्या पक्षाचे नेते झाले होते. पुढें २०१६ च्या डिसेंबरांत, राजाच्या मृत्यूला शंभर वर्षें झालीं त्या प्रसंगीं, दुसरे पाहुणे आले: उपराष्ट्राध्यक्ष मिंट स्वे, हेहि माजी सेनानी, आणि सरसेनापति मिन आंग ह्लाइंग. एकाच समाधीपुढें चार वर्षांच्या अंतरानें लष्करी परंपरेंतील हीं माणसें नतमस्तक झालीं. पुढें त्यांच्या वाटा किती फांकल्या हें पाहिलें, म्हणजे आमच्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास चांगलें साधन मिळतें.

आपल्या सुशिक्षित घरांतूनहि हा विषय वरचेवर निघतो. महागाई वाढली, एखादें लांचेचें प्रकरण बाहेर आलें, विधिमंडळांत गोंधळ झाला, कीं 'पांच वर्षें देश लष्कराच्या हातीं द्या, सारें सुतासारखें सरळ होईल' असें म्हणणारा एखादा तरी गृहस्थ बैठकींत असतोच. त्याचें बोलणें हंसण्यावारी नेण्यापेक्षां तपासून पाहणें बरें.

या मताची पहिली भिस्त शिस्तीवर असते. सैनिक वेळ पाळतो, हुकूम पाळतो, कामाचा फडशा पाडतो. मग त्यानें राज्य कां करूं नये? या युक्तिवादांत सैनिकाचे गुण खरे सांगितलेले असतात, पण ते ज्या कामाला लावावयाचे तें काम ओळखलेलें नसतें. सैन्यांतील शिस्तीचा पाया आज्ञेवर आहे. निवडून येणाऱ्या अधिकाराचा पाया मागण्यावर आहे. शेक्सपिअरनें आपल्या 'कोरायोलेनस' नाटकांत हाच भेद रंगविला आहे. रोमचा तो अजिंक्य वीर कौन्सलच्या पदासाठीं उभा राहतो. रिवाजाप्रमाणें त्याला साधा झगा घालून चव्हाट्यावर यावें लागतें, अंगावरचे घाव दाखवावे लागतात, सामान्य नागरिकाजवळ मत मागावें लागतें. ज्यानें एकट्यानें शत्रूच्या नगरांत शिरण्यास मागेंपुढें पाहिलें नाहीं, त्याला हें एक काम जमत नाहीं. नाटककारानें त्या नागरिकांनाहि फारसें शहाणें दाखविलेलें नाहीं. ते चंचल आहेत, कोणाच्याहि सांगण्यावरून फिरतात. तरी पण नाटकाचा मर्मबिंदु ढळत नाहीं. त्या वीराच्या ठायीं धैर्य, त्याग, कर्तृत्व हीं सारीं आहेत. दुसऱ्याचा नकार ऐकून घेण्याची तयारी मात्र नाहीं. त्या एका उणीवेपायीं तो अखेर आपल्याच नगरावर शत्रुसैन्य घेऊन चालून येतो.

दुसरें समर्थन असें, कीं मनुष्य बदलतो. गणवेष उतरला, म्हणजे तोहि तुमच्याआमच्यासारखा एक नागरिक. या म्हणण्याला ब्रह्मदेशाच्या इतिहासानेंच सणसणीत उत्तर देऊन ठेवलें आहे. १९५८ सालीं पंतप्रधान ऊ नू यांनीं सेनापति ने विन यांच्या हातीं तात्पुरता कारभार सोंपविला. ने विन यांनीं १९६० सालीं निवडणुका घेतल्या आणि निवडून आलेल्या ऊ नू यांस सत्ता परत दिली. शब्द पाळणारा सेनापति म्हणून जगानें त्यांची वाखाणणी करावी असेंच हें वर्तन होतें. परंतु दोनच वर्षांनीं, १९६२ च्या मार्चांत, त्यांनींच बंड करून सत्ता बळकावली. पुढें १९७२ सालीं त्यांनीं लष्करी हुद्दा सोडला, आणि १९७४ च्या राज्यघटनेखालीं ते राष्ट्राध्यक्ष झाले. फक्त त्या घटनेंत पक्ष एकच होता. पोषाख बदलला, हुद्दा बदलला, सत्तेचें मूळ मात्र होतें तेथेंच राहिलें. तेव्हां गणवेष उतरविणें हा पालटाचा पुरावा मानतां येत नाहीं. आणि एकदां सत्ता परत करणें हाहि पुरेसा पुरावा नव्हे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तिसरें समर्थन सर्वांत बळकट आहे. लोकांनींच जर जाणूनबुजून त्याला निवडलें, तर आपण मध्यें बोलणारे कोण? नायजेरियाचें उदाहरण येथें घेण्यासारखें आहे. मुहम्मदु बुहारी हे १९८३ च्या अखेरच्या बंडानंतर तेथील लष्करी शास्ते झाले. त्यांच्या राजवटींत १९८४ सालीं काढलेल्या एका हुकुमाखालीं दोन पत्रकारांना तुरुंगांत जावें लागलें. १९८५ सालीं दुसऱ्या एका सेनानीनें त्यांनाच पदच्युत केलें. हेच बुहारी पुढें २००३, २००७ आणि २०११ अशा तीन निवडणुकांत पडले, न्यायालयांत भांडले, आणि चौथ्या खेपेस, २०१५ सालीं, अधिकारावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाचा पराभव करून निवडून आले. त्यांचा कारभार चांगला झाला कीं वाईट, हा वेगळा वाद आहे. परंतु तीनदां पराभव होऊनहि त्यांनीं रणगाड्यांचा आश्रय घेतला नाहीं, आणि दुसरी मुदत संपल्यावर २०२३ सालीं ते पायउतार झाले, एवढें मान्य केलें पाहिजे. मतदारांना त्यांचा भूतकाळ ठाऊक होता; विरुद्ध उमेदवार मोकळा होता; आणि हरण्याची शक्यता खरी होती. इतक्या गोष्टी असतांना लोकांनीं केलेली निवड आमच्या मनास रुचो वा न रुचो, ती त्यांची निवड होय.

याच्या उलट पक्ष असा, कीं ज्यानें एकदां राज्यघटना पायाखालीं तुडविली, त्याला निवडणुकीचें दार कायमचें बंद असावें. पाकिस्तानांत मुशर्रफ यांच्या बाबतींत असेंच झालें. १९९९ सालीं बंडानें सत्ता घेणारे आणि २००७ सालीं घटना स्थगित करून न्यायाधीशांना घरीं बसविणारे मुशर्रफ २०१३ सालीं निवडणूक लढविण्यासाठीं मायदेशीं परतले, तेव्हां त्यांचे अर्ज फेटाळले गेले आणि पेशावरच्या उच्च न्यायालयानें त्यांना जन्मभर निवडणुकीस अपात्र ठरविलें. या निकालांत न्याय आहे, हें कोण नाकारील? तरी हा नियम सरसकट लावावा काय, याविषयीं आम्हांस शंका आहे. लष्करशहाला सत्ता सोडून जाण्याची एकहि सन्मानाची वाट ठेवली नाहीं, तर तो ती सोडणारच नाहीं. आणि त्याच्या हटवादाची किंमत त्याला नव्हे, प्रजेला मोजावी लागते.

रत्नागिरीच्या पहिल्या पाहुण्याकडे या दृष्टीनें पाहावें. थेन सेन ज्या २०१० च्या निवडणुकींतून पुढें आले, ती निर्मळ नव्हती. आंग सान स्यू की यांच्या पक्षानें तींत भागच घेतला नव्हता. ज्या २००८ च्या राज्यघटनेखालीं ते राष्ट्राध्यक्ष झाले, तिनें विधिमंडळांतील चतुर्थांश जागा लष्कराकडे राखून ठेवल्या होत्या, घटना बदलण्यास तीन चतुर्थांशांहून अधिक मतें लागतील असा नियम केला होता, आणि मागील लष्करी मंडळाच्या कृत्यांबद्दल कोणावरहि खटला भरतां येणार नाहीं असें संरक्षण घालून ठेवलें होतें. त्यांच्याच काळांत, २०१२ सालीं, अराकान प्रांतांत रोहिंग्या मुसलमानांविरुद्ध भीषण हिंसा झाली, हा डाग लहान नाहीं. पण दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. राजकीय कैदी सुटूं लागले. २०१२ च्या ऑगस्टांत छापण्यापूर्वींची तपासणी बंद झाली. त्याच वर्षींच्या पोटनिवडणुकींत ४५ पैकीं ४३ जागा विरोधी पक्षानें जिंकल्या आणि त्या जिंकूं दिल्या गेल्या. २०१५ च्या नोव्हेंबरांत त्यांचा पक्ष सपशेल हरला. आणि २०१६ च्या मार्चांत त्यांनीं राष्ट्राध्यक्षपद रीतसर दुसऱ्याच्या स्वाधीन केलें. १९९० सालीं असाच कौल मिळाला असतां लष्करानें तो धुडकावला होता, हें आठवलें म्हणजे या साध्या कृतीचें मोल कळतें.

आतां दुसऱ्या पाहुण्यांकडे वळावें. मिन आंग ह्लाइंग सरसेनापति असतांना, २०१७ सालीं, सात लाखांवर रोहिंग्या देशोधडीस लागून बांगला देशांत गेले. २०२० च्या नोव्हेंबरांत पुन्हां निवडणूक झाली. स्यू की यांच्या पक्षाला ४७६ पैकीं ३९६ जागा मिळाल्या, लष्कराच्या पाठिंब्याच्या पक्षाला अवघ्या ३३. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं, नवें विधिमंडळ भरण्याच्या दिवशींच, लष्करानें नेत्यांना अटक केली. हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून आणीबाणी पुकारून सर्व सत्ता सरसेनापतीच्या हातीं देणारे मिंट स्वे हेच होते. शताब्दीच्या वर्षीं रत्नागिरीच्या समाधीपुढें उभे राहिलेल्या दोघांनीं मिळून हें घडविलें. त्यानंतर २०२३ सालीं विजयी पक्ष बरखास्त ठरविण्यांत आला, आणि २८ डिसेंबर २०२५ पासून २०२६ च्या जानेवारीपर्यंत टप्प्याटप्प्यानें जी निवडणूक झाली, तींत तो पक्ष नव्हता, त्याची नेती बंदिवासांत होती, आणि देशाच्या पुष्कळशा भागांत मतदानच झालें नाहीं. अशा निवडणुकीनंतर खुर्चीवर कोणीहि बसो, त्याला लोकांनीं निवडलें असें म्हणणें शब्दांची विटंबना होईल.

दोघेहि एकाच सैन्यशाळेच्या परंपरेंत वाढलेले. दोघांच्याहि कपाळीं जुन्या राजवटीचा शिक्का. दोघांनींहि एकाच पदच्युत राजाला वंदन केलेलें. त्यांच्या पात्रतेंत फरक पडला तो त्यांच्या स्वभावामुळें किती पडला, हें सांगणें कठीण आहे. पण पराभवाच्या दिवशीं ते कसे वागले यानें तो पडला, हें स्वच्छ दिसतें. यावरून आमचें मत असें बनलें आहे, कीं माजी लष्करशहाची पात्रता त्याच्या पश्चात्तापावरून, वक्तृत्वावरून किंवा पूर्वींच्या कर्तबगारीवरून ठरवूं नये. त्याला लोक घरीं पाठवूं शकतात काय, हें विचारावें. लष्कराच्या किल्ल्या त्याच्या हातून खरोखर सुटल्या आहेत काय? त्याचा प्रतिस्पर्धी तुरुंगाबाहेर आहे काय? त्याच्या जुन्या कृत्यांची चौकशी करण्यास न्यायालय मोकळें आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी असतील, तर त्यास उभें राहूं द्यावें आणि मतदारानें आपल्या बुद्धीप्रमाणें निवाडा करावा. तीं नकारार्थी असतील, तर तो मनुष्य कितीहि सज्जन असला, तरी ती निवडणूक नव्हे. थेन सेन यांनाहि या कसोटीवर पूर्ण गुण मिळत नाहींत. त्यांनीं स्वतः दार उघडलें, पण किल्ल्या लष्कराकडेच राहूं दिल्या. आणि म्हणूनच पांच वर्षांच्या आंत दुसऱ्यानें तें दार पुन्हां लावून घेतलें.

आपल्या देशांत लष्करशहा झाला नाहीं, हें आपलें भाग्य. पण सेनापतीनें मतें मागितल्याचें उदाहरण आहे. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापति जनरल करिअप्पा हे सेवेंतून निवृत्त झाल्यावर अठरा वर्षांनीं, १९७१ सालीं, शिवसेनेच्या पाठिंब्यानें मुंबईंतून लोकसभेस उभे राहिले आणि पडले. मुंबईच्या मतदारानें त्यांच्या पराक्रमाचा अनादर केला असें कोणी म्हटलें नाहीं, आणि एक शिपाईहि जागचा हलला नाहीं. ही गोष्ट आपणांस इतकी साधी वाटते, कीं तिची आठवणहि राहत नाहीं. रंगूनच्या नागरिकाला विचारलें, तर तिची किंमत तो सांगेल. आणि ज्या मराठी घरांत रामशास्त्र्यांची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादास देहान्त प्रायश्चित्त सांगून जो न्यायाधीश पुणें सोडून गेला अशी परंपरा आहे, त्या घरांत 'लष्कराच्या हातीं देश द्या' हें वाक्य शोभत नाहीं. तरवार ज्याच्या हातीं त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क नसावा, असें त्या वाक्याच्या पोटांत आहे.

श्री. घोष यांची कादंबरी १९९६ च्या रंगूनमध्यें येऊन संपत येते. स्यू की आपल्या घराच्या फाटकावरून जमलेल्या लोकांशीं बोलत आहेत आणि माणसें भय बाजूस ठेवून ऐकत आहेत, असें तें चित्र आहे. कादंबरींतील राजाविषयींची करुणा जेथें आम्हांस थोडी सैल वाटली, तेथें या शेवटच्या भागाची बैठक पक्की आहे. कारण येथें लेखक सत्ता गेलेल्या राजाकडे न पाहतां, सत्ता कधींच न मिळालेल्या प्रजेकडे पाहतो. पुढें याच स्यू की अधिकारावर आल्यावर रोहिंग्यांच्या प्रश्नांत त्यांचें मौन व समर्थन अनेकांना जाचलें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. कसोटी लावावयाची ती सर्वांनाच. श्रीमती शाह यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षाअखेर थेन सेन समाधीवर आले. त्या ग्रंथांत राजाच्या अर्जांच्या आणि कर्जांच्या ज्या नोंदी आहेत, त्या वाचतांना सत्ता गेल्यावर मनुष्य किती लहान होतो हें दिसतें. सत्ता असतांना त्यानें काय केलें, हा हिशेब मात्र त्याच्या दुःखानें पुरा होत नाहीं. तो लोकांनीं वेगळा मांडावा लागतो, आणि तो मांडण्याची सोय शाबूत ठेवणाऱ्यालाच त्यांनीं मत द्यावें.